वळणावरचं ओलं डांबर

‘‘जानूदादा, हात तुझाच पायजे,’’ श्रीपत म्हणाला, आणि माझ्या ओट्यावर टेकायच्या आधी त्यानं ओटा हातानं झटकला.

माझा ओटा. माझ्या बायकोनं, शेवंतीनं, सकाळीच सारवलेला. पांढऱ्या पॅन्टला काही लागू नये म्हणून त्यानं तो झटकला. त्याच्या मनात काही नसेल. नव्हतंच. पण त्या दिवसांत मी त्याच्या प्रत्येक हालचालीत खोट शोधत होतो आणि मला ती दर वेळी सापडत होती.

सत्त्याण्णव सालचा फाल्गुन. शिमगा तीन दिवसांवर आलेला. श्रीपत माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. चिऱ्याच्या खाणीचा मालक, दारात जीप. आमच्या घराच्या वरच्या टप्प्यावर त्यानं नवं घर बांधलं होतं, आणि गावरस्त्यापासून त्या घराच्या पायरीपर्यंत दोनशे फूट डांबरी रस्ता. स्वतःच्या दारापर्यंत स्वतःचं डांबर! आमच्या पंचक्रोशीत असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. लोक जीप बघायला येत नसत, तो रस्ता बघायला येत. खाली वाकून हात लावून बघत. मी अठ्ठावीस वर्षं कंत्राटदाराच्या टोळीत डांबराची झारी धरली, अर्ध्या जिल्ह्याचे रस्ते माझ्या हातचे, आणि माझ्या दाराला होती तांबड्या मातीची पायवाट. तीही त्याच्याच रस्त्यातून, वळणाच्या जरा अलीकडे, डावीकडे फुटणारी.

‘‘भेगा पडल्यात रे,’’ श्रीपत म्हणाला. ‘‘दोनच पावसाळे झाले. मधनं गवत आलंय. वळणावर तर खडी सुटून वर आलीय. एवढा खर्च केला नि–’’

‘‘केलास तेव्हा मला इचारलंस?’’

‘‘तू तेव्हा घाटात कामावर व्हतास.’’

‘‘डांबर म्हंजे काय पाथरवटाचं काम नाय श्रीपत, की एकदा बसवलं नि झालं. पाणी खातं त्याला. दोन वरसांनी सील मारावं लागतं, पावसाच्या आधी. कडेचं गटार मोकळं ठेवावं लागतं. नायतर दर वरसाला नवीन रस्ता घाल. तुला काय, खाण हाय.’’

टोमणा त्याला लागला नाही. त्याला माझे टोमणे कधीच लागत नसत, आणि मी त्यावरही चिडायचो.

‘‘किती जातील?’’

‘‘डांबराचं एक पिंप नि वर थोडं. पाऊण ब्रास बारीक कच. लाकडं. तिघं-चौघं माणसं.’’

‘‘आनि तुझी मजुरी?’’

आतून शेवंतीनं भांडं आपटलं.

‘‘बरं, ऱ्हायलं,’’ तो घाईनं म्हणाला. ‘‘पण शिमग्याच्या आधी व्हायला पायजे. देवी येनार ना.’’

हे बोलताना मात्र त्यानं मान खाली घातली.

आता हे सांगितलं पाहिजे. आमच्या गावची देवी पावणाई. शिमग्यात तिची पालखी वाडीवाडीत फिरते. प्रत्येक वाडीत ती एकाच अंगणात बसते, आणि वाडीतल्या बाकी सगळ्या बाया तिथं येऊन तिची ओटी भरतात. आमच्या रहाटेवाडीत ते अंगण आमचं. मला कळायला लागल्यापासून आमचं. तिला बसवायचा फणसाचा पाट आमच्या माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असायचा. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस आम्ही कोण होतो? मैलकुलीची पोरं. रस्त्यावर काळं फासणारे. पण त्या एका दिवशी अख्खी वाडी आमच्या दारात हात जोडून उभी असायची, आणि माझी बायको पहिली ओटी भरायची. त्या एका दिवसावर मी बाकीचे काढायचो.

आणि आठ दिवसांपूर्वी, गावकराच्या पडवीत वाडीची बैठक असताना, माझे वडील उठून म्हणाले होते, ‘‘औंदा देवी वर श्रीपतच्या अंगनात बसू दे.’’

बाळू गावकर गावचा मानकरी, पालखीपुढं चालणारा. त्यालाही ते नवल वाटलं. ‘‘का वो आबा? काय कारन?’’

‘‘कारन काय, रस्ता चांगला हाय. भोयांना सोपा.’’

बस्स. एवढंच. भोयांना सोपा! चाळीस वर्षं माझ्या पायवाटेनं अनवाणी आलेले भोई आता एकदम नाजूक झाले. घरी आल्यावर आबांनी स्वतः शिडी लावून पाट काढला, फडकं झटकलं आणि तो काखेत मारून वर नेऊन दिला. मी अंगणात उभा होतो, माझ्या खांद्याला पाटाचं टोक घासून गेलं.

मला त्याचं नवल वाटायला नको होतं. आबांनी आयुष्यभर हेच केलं. श्रीपतचा बाप, आबांचा थोरला भाऊ, विहिरीच्या कामावर दगड पडून गेला तेव्हा श्रीपत चार वर्षांचा होता. त्याची आई माहेरी गेली ती परतली नाही. आबांनी त्याला आमच्याकडे आणलं, आणि त्या दिवसापासून मी या घरात दुसरा झालो. आबा मैलकुली होते. सरकारी रस्त्याचे तीन मैल त्यांच्या ताब्यात, खड्डे बुजवायचे, गटारं काढायची. संध्याकाळी डांबराच्या वासाचे यायचे आणि श्रीपतला खांद्यावर घ्यायचे. मला म्हणायचे, ‘‘तू मोठा हायस.’’ सहा वर्षांचा मोठा! शाळा दोन कोसांवर. चपलांचा जोड एकच आणला, तो त्याला. मी अनवाणी, तो पुढं चप्पल वाजवत. सातवीनंतर एकालाच शिकवता येईल असं ठरलं तेव्हा कुणाला शिकवलं ते सांगायला नको. मला त्यांनी टोळीत घातलं, झारी हातात दिली. श्रीपतही त्यांना आबाच म्हणायचा. माझा बाप काका नव्हता त्याचा, आबा होता. ते तर मला कधीच गिळवलं नाही.

‘‘दोन दिवस सुकायला लागतील,’’ मी श्रीपतला म्हणालो. ‘‘माणसं मला परवा मिळतील. म्हंजे एकच दिवस उरतो.’’

‘‘एका दिवसात नाय व्हनार?’’

‘‘व्हईल,’’ मी म्हणालो. ‘‘बघतो.’’

तो गेल्यावर शेवंती दारात आली. पदर खोचलेला, डोळे कोरडे.

‘‘मारा सील. गुळगुळीत मारा. आनि त्या दिवशी मी काय करू ते पन सांगा. ताट घिऊन जावेच्या पायरीवर रांगेत उभी ऱ्हाऊ? आनि ती म्हनंल, या वहिनी, बसा?’’

‘‘मग काय करू? देवीला बोलू नको जाऊ म्हनून?’’

‘‘देवीच नाय बोलली तर?’’ शेवंती म्हणाली. ‘‘पाच वरसांमागं खालच्या वाडीत नाय अडली? भोयांचे पाय हलंनात, पालखी एका अंगाला कलली. गावकर काय बोलला? देवीला दार नको. त्या घरात अजून कुनी पानी पीत नाय.’’

ती हे रागात बोलली आणि आत गेली. तिच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या मनात ते जाऊन बसलं. पालखी अडते म्हणजे काय होतं? भोयांचे पाय हलत नाहीत. आणि भोयांचे पाय हलू न देणं हे जगात कुणाला जमत असेल तर ते मला जमत होतं.

ज्यांनी डांबर हाताळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सील म्हणजे गरम पातळ डांबराचा थर, वरून बारीक खडीचा कच, आणि मग रोलर. निवलं की डांबर घट्ट होतं, कच त्यात रुतून बसतो, पायाला खरखरीत लागतो. डांबर पातळ व्हावं म्हणून त्यात थोडं रॉकेल घालतात. थोडं. जास्त घातलं तर ते आठ-आठ दिवस आवळत नाही. वरून काळं, सुकलेलं दिसतं, आणि उन्हात पाय पडला की धरून ठेवतं. फाल्गुनातलं कोकणातलं दुपारचं ऊन, आणि भोई अनवाणी.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला भट्टी पेटवली. तीन माणसं घेतली होती टोळीतली. वरून खालपर्यंत झाडून घेतलं, भेगांतलं गवत उपटलं, खड्डे भरले. आबा रस्त्याच्या कडेला फणसाखाली दगडावर येऊन बसले, काठी मांडीवर. त्यांना साखर होती. पायांना मुंग्या यायच्या, तळव्याला काटा टोचला तरी कळायचं नाही, म्हणून फारसे फिरत नसत. पण डांबर उकळलं की त्यांना घरात बसवायचं नाही. श्रीपतच्या बायकोनं त्यांच्यासाठी बिनसाखरेचा चहा वेगळ्या कपात पाठवला. तेही मी बघितलं. आमच्या घरी त्यांना वेगळा कप नव्हता.

‘‘वरनं सुरू कर,’’ आबा म्हणाले. ‘‘म्हंजे पाय पडनार नायत.’’

‘‘म्हायत हाय मला.’’

‘‘म्हायत हाय म्हनूनच बोललो. ज्याला म्हायत नाय त्याला कशाला सांगू?’’

दुपारपर्यंत वळणाच्या वरचं नि खालचं सगळं झालं. मन लावून केलं मी, खोटं कशाला बोलू. झारी हातात आली की माझा हात वाईट काम करत नाही. काळाभोर, एकसारखा पट्टा, कुठे ओघळ नाही. माणसं जेवायला बसली तेव्हा मी शेवटची झारी भरली. वळणाच्या तोंडाशी, माझी पायवाट फुटते तिथं, रस्त्याच्या पूर्ण रुंदीचा सहा फुटांचा तुकडा राखून ठेवला होता. रॉकेलचा डबा उचलला आणि ओतला. ओतत राहिलो.

‘‘जानू.’’

आबांकडे माझी पाठ होती.

‘‘रॉकेल किती घातलंस?’’

‘‘लागतं तेवढं.’’

मी वळून बघितलं तेव्हा ते झारीकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मग काठी टेकून उठले आणि वर श्रीपतच्या घराकडे कडेकडेनं चालू लागले. मला वाटलं, सांगणार. जाऊन आता त्याला सांगणार, लाडक्याला. मी झारी धरून तसाच उभा राहिलो. पण वरून कुणी आलं नाही. मग मी तो तुकडा मारला. कच टाकला नाही, नुसती वरून चाळलेली भुकटी भुरभुरली, बाकीच्या रस्त्यासारखं दिसावं एवढी. रोलरवाल्याला म्हणालो, इथं फिरवू नको, मी हातानं ठोकून घेतो.

श्रीपत संध्याकाळी खाणीवरून आला, जीप खालीच लावली आणि कडेच्या गवतावरून वर चढला. वर जाऊन मागे वळून बघितलं. उन्हाची तिरीप त्या काळ्या पट्ट्यावर पडली होती.

‘‘जानूदादा!’’ तो ओरडला. ‘‘नदी वाटते रे, नदी!’’

आणि खरंच वाटत होती. माझ्या हातची. त्याच्या दारात.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन-अडीचला ढोल ऐकू आला. ऊन असं की कावळासुद्धा ओरडत नव्हता. मी माझ्या पायवाटेच्या तोंडाशी उभा राहिलो. शेवंतीला सांगितलं होतं, अंगण सारवून ठेव, रांगोळी घाल, ओटीचं ताट भरून ठेव. ती म्हणाली, कशाला? मी म्हणालो, ठेव. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि शेण कालवायला घेतलं.

माझा हिशेब साधा होता. पुढचे दोन भोई त्या तुकड्यावर येतील. पाय धरले जातील. पालखी नाचत येते, मागच्यांचा रेटा असतो, ती कलणार. गुरव ओरडणार, गावकर हात वर करणार. कुणीतरी म्हणणार, देवी अडली. आणि देवी अडलेली असणार नेमकी माझ्या पायवाटेच्या तोंडाशी, जिथून डावीकडे वीस पावलांवर माझं सारवलेलं अंगण. मग मी हात जोडून पुढं होणार. श्रीपतच्या दारात देवी गेली नाही, हे गाव पुढची पन्नास वर्षं बोलणार. त्याच्या मुलीचं लग्न जमताना बोलणार. हे सगळं मी बघितलं होतं मनात. पुन्हा पुन्हा, गोड लागेपर्यंत.

पालखी रस्ता सोडून वर वळली. गुलालानं लाल झालेली माणसं, खालूबाजाची कर्कश पिपाणी, पुढं बाळू गावकर. चार भोई, अनवाणी, घामानं निथळत. वळण चाळीस फुटांवर. तीस फुटांवर.

आणि वरून आबा खाली येताना दिसले.

धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, हातात पाण्याचा तांब्या. घरातल्या वडीलधाऱ्यानं भोयांच्या पायांवर पाणी घालायचं ही रीत आहे, पण ते अंगणाच्या कडेला. एवढं खाली कुणी येत नाही. ते येत होते. अनवाणी. काठी नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि ओरडलो नाही. हे मी आज लिहितोय, त्यात लपवाछपवी नाही. मला ओरडायला वेळ होता. ओरडलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की मला माहीत आहे.

आबांनी पहिलं पाऊल त्या तुकड्यावर टाकलं. मग दुसरं. बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. पाय घोट्याखाली चकाकले.

‘‘थांबा रं!’’ त्यांनी हात वर केला. ढोल थांबला. ‘‘हितं सील ओलं हाय. पोरानं कालच मारलंय, सुकायला येळ नाय गावला. कडेनं घ्या. गवतावरनं.’’

गावकर पुढं झाला. ‘‘आबा, मंग तुमी कशाला मधी? बाजूला व्हा.’’

‘‘मी हितं ऱ्हातो. म्हंजे तुमाला कळंल कुटनं कुटपत्तूर ओलं हाय. या, या. घाबरू नका. देवीला काय झालं नाय. डांबर हाय ते.’’

डांबर आहे ते. एवढ्या तीन शब्दांत माझी सगळी देवी त्यांनी खलास केली. कुणी हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘जानूच्या डांबरानं म्हातारा धरला!’’ आणि लोक आणखी हसले. ढोल पुन्हा सुरू झाला. भोई एकेक करून कडेच्या गवतावर चढले, आणि आबा जागेवरून न हलता, कमरेत वाकून, हात लांब करून प्रत्येकाच्या पायावर पाणी घालत राहिले. चौघांच्या. पालखी त्यांच्या डोक्याला लागेल एवढ्या जवळून गेली. त्यांनी टोपी काढली. श्रीपत वर पाट घेऊन उभा होता, रडत होता बहुतेक. गुलालात कळत नव्हतं.

सगळं गाव वर गेलं. तांब्या रिकामा झाला तरी आबा तिथंच. मी गेलो.

‘‘आबा, चला.’’

‘‘पाय येत नाय रं.’’

मी चप्पल काढली आणि त्या तुकड्यावर उतरलो. चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यात पाव तास उभे होते. मी काखेत हात घालून त्यांना उपसलं. जो आवाज झाला तो डांबराचाच होता, असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांना पाठीवर घेतलं आणि माझ्या पायवाटेनं घरी आणलं. मला त्यांनी कधी पाठीवर घेतल्याचं आठवत नव्हतं. किती हलके होते.

सारवलेल्या अंगणात, रांगोळीच्या बाजूला, त्यांना बसवलं. तळवे काळे. कडेला फोड आलेले, डाव्या अंगठ्याखालची कातडी लोंबत होती. शेवंतीनं ते बघितलं, धावत आत गेली आणि रॉकेलची बाटली घेऊन आली.

‘‘रॉकेल नको,’’ आबा म्हणाले. ‘‘रॉकेल पुरं झालं.’’

शेवंतीनं माझ्याकडे बघितलं. तिला तेव्हा कळलं. बाटली ठेवून ती खोबरेल घेऊन आली, ती माझ्या हातात दिली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मी फडक्यावर तेल घेऊन डांबर सोडवायला लागलो. वरून गजर ऐकू येत होता. ओट्या भरायला सुरुवात झाली होती.

‘‘दुकतं?’’

‘‘काय कळत नाय मला पायाचं. तुला म्हायत हाय.’’

‘‘आबा, तुमाला दिसलं व्हतं ना काल? मंग तवाच का नाय बोललात? माजं थोबाड फोडायचं.’’

‘‘कुटल्या तोंडानं?’’

मला वाटलं ते मला विचारतायत. मान वर केली, तर ते वर श्रीपतच्या घराकडे बघत होते.

‘‘जानू, देवी तुज्या अंगनात कदीपास्नं बसते?’’

‘‘पयल्यापास्नं.’’

‘‘नाय. पयल्यापास्नं वर. थोरल्याच्या अंगनात, आत्ता बसलीय तिथंच. श्रीपत जल्मला तो शिमग्यात. थोरल्याच्या घरात सुवेर. तवा एका वरसापुरती खाली आनली, आपल्याकडं. तुजी आय पयली ओटी भरली. सगळी वाडी दारात.’’ त्यांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली. ‘‘मला लई बरं वाटलं रं.’’

मी हात थांबवला.

‘‘फुडच्या वरसाला देवी परत वर निघाली. फुडला भोई मीच. हितनंच, ह्या वळनावरनं. तवा मातीची घाटी व्हती. मी पाय रोवले. मागनं रेटतायत नि मी हलत नाय. घाम फुटला, डोळं फिरवलं. बोललो, देवी अडली.’’

‘‘आबा–’’

‘‘लोक बोलले, देवीला खालचं अंगन मानवलं. थोरला काय बोलला नाय. पाट आनून दिला मला. खांद्यावर घिऊन, एकटा. तीन वरसांनी गेला. कामात ध्यानच ऱ्हायलं नव्हतं त्याचं. शेवटपत्तूर म्हनायचा, माजं काय चुकलं असंल, देवीनं मला टाकलं.’’ आबांनी तळवा माझ्या मांडीवर नीट टेकवला, जसं मूल टेकवतं. ‘‘देवी कशी अडते मला म्हायत हाय. काल तू डबा ओतलास, तवा तुजा हात बघितला मी. माजाच हात व्हता तो.’’

वरून शंख वाजला.

‘‘श्रीपतला सांगितलंत?’’

‘‘काय सांगू? तुजा बाप मी मारला म्हनून?’’

चपलांचा जोड. सातवीनंतरची शाळा. खांद्यावरची जागा. मी पस्तीस वर्षं ज्याला माया समजून जळत होतो ते काय होतं, हे मला तेव्हा तिथं तेलाच्या फडक्याशी कळलं. आणि कळून मला बरं वाटलं नाही. उलट वाटलं, मग माझ्या वाट्याला नेमकं काय आलं? त्याला निदान तेवढं तरी मिळालं.

श्रीपत ओटीचा नारळ घेऊन खाली पळत आला तेव्हा अंधारून यायला अजून वेळ होता. आबांचे पाय बघितले आणि तो मटकन खाली बसला.

‘‘चुकी माजी,’’ तो म्हणाला. ‘‘जानूदादा दोन दिवस मागत व्हता. मीच घाई केली. जानूदादा, माफ कर रे मला.’’

माझेही दोन्ही तळपाय काळे होते. त्यानं ते बघितले आणि मलाच मिठी मारली. मी त्याच्या खांद्यावरून आबांकडे बघितलं. आबांनी डोळे मिटले.

मी म्हणालो, ‘‘व्हतं असं.’’

त्यानं जीप आणली. चिपळूणला नेताना त्या तुकड्यावरून जीप गेली आणि चाकांचे दोन खोल पट्टे त्यात उमटले, ते पुढच्या वर्षापर्यंत तसेच होते. साखरेमुळे आबांची जखम भरली नाही. वैशाखात डावा अंगठा काढला. पुढची चार वर्षं ते काठीनं, टाचेवर चालले, आणि दर शिमग्याला कुणीतरी त्यांना ‘जानूच्या डांबरानं धरलेला म्हातारा’ म्हणायचं आणि ते हसायचे. मी हसायचो नाही, तर लोक म्हणायचे, जानूला अजून आपल्या कामाची लाज वाटते.

आबा गेले. श्रीपतला मी काही सांगितलं नाही. आजपर्यंत नाही. सांगायला पाहिजे होतं, हे मला कुणी शिकवू नये.

देवी वरच बसते. रस्त्याला दर दोन वर्षांनी सील लागतं. मी ते दर वर्षी मारतो. शिमग्याच्या आठ दिवस आधी, एकटा, डांबर त्याचं, हात माझा. श्रीपत म्हणतो, एवढं कशाला, जानूदादा, दोन वरसांनी चालतं म्हणून तूच बोलला व्हतास. मी म्हणतो, वळणावर पाणी जास्त खातं. अजून जळतो मी त्याच्यावर. त्याच्या घराला आता वरचा मजला आहे, आणि खाली उभा राहून मी अजून त्याच्या खिडक्या मोजतो. जळणं गेलं असं लिहिलं तर खोटं होईल.

पण शिमग्याच्या दिवशी, ढोल गावरस्त्यावर आला की मी खाली उतरतो. चप्पल काढून पायवाटेच्या तोंडाशी ठेवतो. आणि ऐन दुपारच्या उन्हात, अनवाणी, त्या सहा फुटांवर जाऊन उभा राहतो. श्रीपत वरून दर वर्षी ओरडतो, ‘‘जानूदादा, पाय भाजतील!’’

भाजतात. मी एक पाय उचलतो, मग दुसरा. दोन्ही सुटे येतात. मग मी बाजूला होतो आणि खाली थांबलेल्या भोयांना हात करतो, या.